गांवची शाळा कशी पारखावी?

जुनी मॅट्रिक होऊन ज्यानें सारी हयात प्राथमिक शाळेंत काढली, अशा मास्तरास ‘शाळा कशी पारखावी’ या विषयावर बोलावयास सांगणें म्हणजे न्हाव्यास स्वतःचेंच डोकें भादरावयास सांगण्यासारखें आहे. हात पोहोंचतो, पण मागची बाजू दिसत नाहीं. माझी मागची बाजू मला एका गवंड्यानें दाखविली. आजचें भाषण बहुतांशीं त्याचेंच आहे; मी केवळ लेखनिक.

गेल्या होळीच्या सुमारास तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. पस्तीस-एक वर्षांपूर्वीं तो माझ्या चौथीच्या वर्गांत होता. पुढें शाळा सुटली आणि हातीं थापी आली. आज भिंतीची लांबी, रुंदी, उंची सांगितली कीं विटा किती, सिमेंटचीं पोतीं किती, वाळू किती ब्रास, हें सारें तो उभ्या उभ्या तोंडीं सांगतो. मात्र सहीपलीकडे त्याला लिहितां येत नाहीं, आणि एस. टी. ची पाटी तो अक्षरांच्या एकंदर आकारावरून ओळखतो. त्याची उशिरां झालेली धाकटी मुलगी जूनमध्यें पहिलींत जावयाची होती.

“गुरुजी,” तो म्हणाला, “पोरीला औंदा शाळंत घालायची हाय. गावातली झेडपीची बरी, का तालुक्याची इंग्लिश मीडियमची? तिकडं पिवळी गाडी दारात येती, गळ्यात टाय असतो. पैसं लागत्याल, पन ते बगून घीन मी. शाळा बरी कंची, तेवडं सांगा.”

मी मास्तरी सुरांत सांगूं लागलों, कीं निकाल पाहावा, शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत किती मुलें आलीं तें पाहावें, साहेबांचें शेरेबुक पाहावें. त्यानें सर्व ऐकून घेतलें आणि हंसत म्हणाला, “गुरुजी, सायेब येनार म्हनलं की तुमी आमा सात-आठ जनांस्नी म्हनायचा, उद्या घरीच ऱ्हावा. आमाला झ्याक वाटायचं, सुट्टी मिळायची. शेरा मातर चांगला मिळायचा न्हवं?”

त्यानें हें रागानें म्हटलें असतें तर मला कांहीं उत्तर देतां आलें असतें.

खरें आहे तें. त्या काळीं तपासणीची तारीख आम्हांस आधीं कळत असे. वर्गांत चाळीस-बेचाळीस मुलें. त्यांतलीं सात-आठ वाचनांत अडखळणारीं. तीं साहेबांसमोर आलीं कीं साऱ्या वर्गाचा शेरा बिघडे. मीं कोणास हांकललें नाहीं. ‘उद्यां रानांत काम असेल तर जा हो’ एवढेंच म्हणत असें, आणि मुलें काय तें समजत. शेरेबुकांत ‘वाचन समाधानकारक’ असें लिहिलें जाई. तो शेरा खोटाहि नव्हता; जीं मुलें हजर होतीं त्यांचें वाचन समाधानकारकच होतें. एका वर्षीं माझीं दोन मुलें शिष्यवृत्तींत आलीं, तेव्हां गांवानें मला शाल दिली. ती शाल अजून माझ्या पेटींत आहे.

आपल्याकडे शाळेविषयींचा पहिला प्रश्न ‘शाळा आहे काय?’ हाच होता, आणि तो सुटण्यास फार काळ लागला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेलीकडे सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ सालीं तो सर्व संस्थानास लागू केला. गोखल्यांनीं १९११ सालीं याच कामाचें बिल वरिष्ठ कौन्सिलापुढें आणलें, तें फेटाळलें गेलें. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. पुढें १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या, आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला. आतां वाडीवस्तीजवळहि बहुधा शाळा असते. तेव्हां गवंड्याचा प्रश्न हा पुढचा प्रश्न आहे: त्या शाळेच्या आंत काय आहे?

मीं त्यास म्हटलें, “चल, आपण दोघे जाऊन पाहूं.” हेडमास्तरांची परवानगी घेऊन आम्ही गेलों.

कोणत्या दिवशीं जावें, यालाहि महत्त्व आहे. स्वातंत्र्यदिनीं किंवा स्नेहसंमेलनास जाऊन शाळा पाहणें म्हणजे लग्नाच्या मांडवांत जाऊन घरची परिस्थिति अजमावणें होय. आम्ही मुद्दाम बाजारच्या दिवशीं गेलों. अजून सकाळची शाळा सुरू व्हावयाची होती. पटावर त्रेचाळीस मुलें. मीं डोकीं मोजलीं तीं एकोणतीस भरलीं. दारावरच्या फळ्यावर मात्र ‘उपस्थिति ३९’ असें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलें होतें; तो आंकडा सोमवारचा निघाला. मला याचा राग आला नाहीं. बाजारच्या दिवशीं मुलें कमी असणारच. मला पाहावयाचें होतें तें निराळें. जीं मुलें आलीं नाहींत तीं कोठें आहेत हें शाळेस ठाऊक आहे काय? पहिली-दुसरीच्या बाईंना ठाऊक होतें. कोणतीं दोन ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलीं, कोणत्या कारखान्याकडे, कोण बाजारांत भाजीपाशीं बसलें आहे, कोणाला गोंवर आला आहे, हें त्यांनीं हजेरीपट न उघडतां सांगितलें. ज्या शाळेस गैरहजर मुलाचा पत्ता ठाऊक आहे, तिच्याविषयीं माझें मत तेथेंच थोडें चांगलें होतें.

मी वर्गाकडे वळलों, तर गवंडी भिंतीकडे. त्यानें गिलाव्यावर बोटाचें पेर वाजवून पाहिलें. “ह्यो पोकळ बोलतोय. वरनं रंग नवा हाय, आतनं ओल हाय.” रंगविलेल्या भिंतीवर फळें, प्राणी, महिने, ग्रह असें सारें विश्व काढलेलें होतें. हल्लीं शाळा म्हटली कीं लोक प्रथम हीच चित्रें पाहतात. चित्रें वाईट नाहींत; पण रंग एकदां दिला कीं वर्षभर शाळा चांगलीच दिसते. मग तो मागें गेला. मुलींच्या शौचकूपास कुलूप होतें. तें हातांत धरून म्हणाला, “गुरुजी, कुलूप गंजलंय. म्हंजे उगडत न्हाईत.” किल्ली सांपडण्यास पाव तास लागला. मीं तीस-पस्तीस वर्षें शाळा पाहिल्या, पण कुलपाचा गंज पाहण्याचें मला कधीं सुचलें नाहीं.

आतां वाचन. येथें जरा थांबतों, कारण फसगत येथेंच सर्वांत अधिक होते. पाहुणा आला कीं मास्तर पुढच्या ओळींतल्या मुलास उभा करितो व तो पहिला धडा खडाखडा वाचतो. तुम्ही त्याच्या बोटाकडे पाहा. पुष्कळदां बोट एका ओळीवर असतें आणि तोंड पुढच्या ओळीवर. मूल वाचीत नसतें, म्हणत असतें. म्हणून मागच्या ओळींतल्या मुलास बोलवावें, जें पान शिकविलेलें नाहीं असें उघडावें, चार ओळी वाचूं द्याव्या आणि पुस्तक मिटून विचारावें, “मग काय झालें रे?” दुसरीचा धडा पांचवींतील मुलास वाचतां येतो कीं नाहीं, हें ‘प्रथम’ संस्थेचे लोक २००५ सालापासून देशभर खेड्यापाड्यांतून पाहत आले आहेत. त्यांची एक गोष्ट मला फार मार्मिक वाटते: ते परीक्षा शाळेंत घेत नाहींत, मुलांच्या घरीं जाऊन घेतात. शाळेंत परीक्षा घेतली कीं जें मूल त्या दिवशीं आलें नाहीं तें हिशेबांतून सुटतें. माझे सात-आठ असेच सुटत. २०१८ सालीं त्यांस देशांतल्या ग्रामीण भागांत पांचवींतील निम्म्या मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचतां येतो असें आढळलें. मध्यें करोनाच्या सांथींत शाळा बंद राहिल्या, आणि २०२२ सालीं हें प्रमाण शेंकडा त्रेचाळीसवर उतरलें. हें एका शाळेचें पाप नव्हे. परंतु आपल्या गांवची शाळा या निम्म्यांत कोठें बसते, तें पाहण्यास कोणा संस्थेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. एक पुस्तक व एक मूल एवढें पुरतें.

दुसरीच्या वर्गांत आठ मुलें होतीं. त्यांपैकीं पांचांनीं मीं उघडलेलें पान वाचलें. एकीनें गोष्टीचा शेवट मला आवडला नाहीं असेंहि सांगितलें. तिसरी-चौथीचा वर्ग दुसऱ्या गुरुजींकडे होता. तेथें दोन मुलांचें बोट आणि तोंड यांची फारकत दिसली.

वाचनानंतर वह्या. शाळेंत जाणाऱ्या प्रत्येक पालकास माझें सांगणें आहे, कीं मास्तरांशीं तासभर बोलण्यापेक्षां चार वह्या मागून घ्या. दोन पुढच्या मुलांच्या, दोन मागच्या. एकाच तारखेचें पान चारींत उघडा. चारी वह्यांत तेंच उत्तर, तशीच मांडणी, आणि चूक असेल तर तीच चूक दिसली, तर मुलांनीं गणित केलेलें नाहीं, फळ्यावरचें उतरून घेतलें आहे, असें समजावें. तिसरी-चौथीच्या वह्या अशाच होत्या. अक्षर मोत्यासारखें, समास आंखलेला, प्रत्येक उदाहरणावर तांबडी बरोबरची खूण. मीं चौथींतल्या एका मुलास पाटीवर बेचाळीसांतून सतरा वजा करावयास सांगितले. त्यानें उत्तर लिहिलें पस्तीस. कसें आलें तें तुमच्या ध्यानांत आलें असेल: दोनांतून सात जात नाहींत, म्हणून त्यानें सातांतून दोन घालविले, आणि चारांतून एक. वहींत मात्र त्याचीं हातच्याचीं सारीं उदाहरणें बरोबर होतीं.

तेव्हां गवंडी खालीं बसला व मुलास म्हणाला, “बाळा, बेचाळीस रुपयं घिऊन बाजारात गेलास, सतरा रुपयांचा माल घेतलास. माघारी किती आणशील?” मूल क्षणांत म्हणालें, “पंचवीस.” त्याचा बाप भाजी विकतो. म्हणजे मुलाला वजाबाकी येत होती. शाळेनें तिची व पाटीची गांठ घातली नव्हती. मीं गवंड्याकडे पाहिलें. त्याची व पाटीची गांठ घालावयाची राहिली ती माझ्या हातून.

बाईंच्या वर्गांतल्या वह्या गबाळ्या होत्या. खाडाखोड पुष्कळ, कांहीं उदाहरणें अर्धवट. पण चुकलेल्या उदाहरणाशेजारीं बाईंनीं तसेंच एक सोपें उदाहरण घालून दिलेलें होतें आणि तें मुलानें सोडविलेलें होतें. एका वहींत सलग तीन दिवस हातच्याचें एकच दुखणें दिसलें व चौथ्या दिवशीं तें बरें झालेलें दिसलें. नोकरींत असतों तर अशा वह्यांस मींच ‘टापटीप नाहीं’ असा शेरा दिला असता.

दोन शिक्षक आणि चार इयत्ता ऐकून कोणी नाक मुरडील. कायद्यानें साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, आणि तशा शाळा आपल्याकडे गांवोगांव आहेत. एका खोलींत दोन इयत्ता असणें हा दोष नव्हे. पूर्वींचे चांगले पंतोजी सारें गांव एका ओसरीवर शिकवीत. पण शिक्षक खोलींत असला पाहिजे. गुरुजींना मीं विचारलें, “गेल्या महिन्यांत किती दिवस पूर्ण वेळ वर्गावर होतां?” ते बिचारे प्रामाणिक, म्हणाले, “नऊ.” उरलेल्या दिवसांत सभा, प्रशिक्षण आणि मोबाइलवर माहिती भरणें. दशवार्षिक शिरगणती, आपत्तिनिवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकास शाळेबाहेरचें काम देऊं नये असें २००९ चा कायदा सांगतो. पण ही माहिती भरण्याचें काम शाळेचेंच समजलें जातें, त्यामुळें तें कायद्याच्या चाळणींतून खालीं पडतें. या गुरुजींस वाईट शिक्षक म्हणण्यास माझी जीभ रेटत नाहीं.

दुपारीं खिचडी झाली. सरकारचें माप पहिली ते पांचवीच्या मुलास शंभर ग्रॅम धान्याचें आहे; मीं वजन केलें नाहीं, ताटें पाहिलीं. त्याहून अधिक लक्षपूर्वक पंगत पाहिली. मुलें आलीं तशीं बसलीं, आणि वाढणाऱ्या बाईंनीं डाव कोणाच्या ताटापाशीं उंच धरला नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या शाळेंत पाण्याचीं भांडीं दोन होतीं, म्हणून मला हें पाहावेंसें वाटतें.

जेवणानंतर गवंड्यानें एक प्रश्न विचारला. प्रथम गुरुजींना विचारला. “गुरुजी, तुमच्या वर्गात कच्ची पोरं कोन कोन हायेत?” गुरुजी म्हणाले, “तशीं सर्व ठीक आहेत. दोन-चार जरा मागें आहेत.” मग तोच प्रश्न बाईंना. बाईंनीं तिघांना जवळ बोलाविलें, त्यांच्या पाठीवरून हात फिरविला व मुलांस पुन्हां खेळावयास धाडून आम्हांस सांगितलें, “पहिला ‘घ’ आणि ‘ध’ यांत घोटाळतो, बाकी सगळें वाचतो. दुसरी शब्द वाचते, पण वाक्याच्या शेवटापर्यंत गेली कीं सुरवात विसरते. तिसरा महिन्यापूर्वींच आला आहे, त्याच्या घरीं मराठी बोलत नाहींत; तो अजून नुसता ऐकतो आहे.” मुलांची दुबळी जागा मुलांसमोर बोलली नाहीं, हेंहि मीं टिपलें.

श्रोतेहो, माझ्या साऱ्या नोकरींत किती तक्ते, किती नमुने मीं भरून दिले असतील! पट, हजेरी, फीमाफी, पुस्तकांचा सांठा, खडूच्या पेट्या, झाडांची संख्या. ‘तुमच्या वर्गांत कच्चें मूल कोणतें व त्याचें नेमकें काय अडलें आहे?’ असा रकाना एकाहि नमुन्यांत नव्हता. असता तर मला त्या सात-आठ जणांना घरीं धाडतां आलें नसतें; कारण रकाना भरावयास मला आधीं तीं मुलें पाहावीं लागलीं असतीं.

तालुक्याच्या शाळेंतहि आम्ही गेलों. तेथील इमारत उत्तम, कुलपें नवीं, स्वागतास एक बाई. मुलांस वर्गांत बसून पाहावयाचें आहे असें म्हणतांच आम्हांस कचेरीच्या पलीकडे जातां येणार नाहीं असें सांगण्यांत आलें. तेव्हां त्या शाळेविषयीं मी बरें-वाईट कांहींच सांगूं शकत नाहीं. बाहेर गाडीची वाट पाहणाऱ्या एका चुणचुणीत मुलानें आम्हांस इंग्रजी धड्याचीं चार वाक्यें म्हणून दाखविलीं. त्यांचा अर्थ आपल्या भाषेंत सांग म्हटल्यावर तो गप्प झाला. एका मुलावरून शाळा ठरवूं नये. त्या शाळेचे शिष्यवृत्तीचे फलक मात्र मोठे होते. पण डॉक्टर, वकील, प्राध्यापक यांचीं मुलें घेऊन शिष्यवृत्ति मिळविणें आणि ज्याच्या घरीं पेन्सिलहि नाहीं त्याला दुसरींत गोष्ट वाचावयास लावणें, हीं दोन कामें एका तराजूंत घालतां येत नाहींत. मूल जूनमध्यें कोठें होतें आणि मार्चमध्यें कोठें आलें, एवढें अंतर शाळेचें, बाकीचें घरचें.

परततांना मीं गवंड्यास म्हटलें, “तिसरींत गेल्यावर काय करशील? तेथें अडचण आहे.” तो म्हणाला, “दोन वर्सं हायेत की. तवर भित बांदून हुती.” पालकांची जी शाळा व्यवस्थापन समिति असते, तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, हें मीं त्यास सांगितलें. पुष्कळ गांवीं ही समिति सह्यांपुरती असते. कागद घरीं येतो आणि घरींच सही होते. मुलगी जूनमध्यें गांवच्याच शाळेंत गेली. पालकांच्या सभेंत हा गवंडी उभा राहून समितींत निवडून आला. पहिल्या बैठकीचें इतिवृत्त त्यास वाचतां येईना, तेव्हां सही करण्यापूर्वीं तें मोठ्यानें वाचून दाखवा असा त्यानें हट्ट धरला, आणि तेव्हांपासून तें सर्वांसमक्ष वाचलें जातें. शौचकूपाची कडी त्यानें स्वतः बसविली; किल्ली आतां बाईंच्या टेबलावर असते. गुरुजींची माहिती भरण्याची कामें शाळा सुटल्यावर व्हावीं असा ठराव झाला आहे. तो निम्मा पाळला जातो.

दिवाळीच्या सुट्टींत तो मुलीस घेऊन माझ्याकडे आला. तिनें एक पान वाचलें. ‘घर’ येतांच ती ‘धर’ म्हणाली. बापास तें कळलें नाहीं. तो कौतुकानें पाहत होता. सुट्टी संपल्यावर मी सहज शाळेवरून गेलों तेव्हां बाईंना ही गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “ठाऊक आहे, गुरुजी. तिचें तेवढेंच राहिलें आहे. या आठवड्यांत तेंच घेतलें आहे.”

या बाईंची आमच्या शाळेंत पांच वर्षें होत आलीं. उन्हाळ्यांत बदल्यांचे हुकूम निघतात. त्यांचें नांव त्यांत आलें, तर जूनमध्यें बाजारचा दिवस पाहून आम्हां दोघांस पुन्हां मागच्या ओळींत जाऊन बसावें लागेल.